कर्जतहून बँकॉक: आधी लोकलचं वेळापत्रक, मग विमानाचं तिकीट

कर्जत-खोपोलीकडचा माणूस "बँकॉकचं तिकीट कितीला पडतं?" असं विचारतो, तेव्हा त्याने खरं तर आधी दुसरं काही विचारायला हवं. विमान किती वाजता सुटतं आणि परतीचं किती वाजता उतरतं? अंधेरीत राहणाऱ्याला दोन हजारांनी स्वस्त तिकीट मिळालं की त्याचे दोन हजार वाचले. आपले ते दोन हजार रात्री दीड वाजता सहार विमानतळावरून कर्जतला टॅक्सी करताना जातात, वर आणखी भर पडते ती वेगळीच.

म्हणून नियम असा ठेवावा: संध्याकाळच्या अप लोकलने जायचं, सकाळच्या डाऊन लोकलने परतायचं. पासधारकांना याचं कारण सांगायला नको. सकाळची अप गाडी नेरळलाच भरते, बदलापूरला दारात पाय ठेवायला जागा उरत नाही आणि तिथे चाकाची बॅग घेऊन उभं राहणाऱ्याला चार शब्द ऐकून घ्यावे लागतात. संध्याकाळी सहा-सातच्या अप लोकलमध्ये मात्र खिडकी मिळते आणि बॅग पायाशी निवांत राहते. परतीचंही तसंच. सकाळी आठ-नऊला सगळी गर्दी मुंबईकडे तोंड करून असते, कर्जतकडे येणारे डबे मोकळे. संध्याकाळी सहाला विमानातून उतरून डाऊन कर्जत लोकल पकडायचा विचार मात्र मनातही आणू नये.

सुदैवाने मुंबईहून आग्नेय आशियाकडे जाणारी बरीच विमानं रात्री अकरा ते पहाटे चार या वेळात सुटतात. मुंबईकर या वेळांना नाकं मुरडतात, आपल्याला त्या सोयीच्या आहेत. एक वाजताचं विमान असेल तर दहाच्या आत विमानतळावर असावं. त्यासाठी कर्जतहून सहा-साडेसहाला निघालं की पुरतं. बँकॉकचं उड्डाण चार-साडेचार तासांचं आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, म्हणजे सकाळी सातच्या आसपास तिथे उतरणार. हॉटेलची एक रात्र वाचली आणि तिथली गाडीही सुरू झालेली असते.

आता रस्ता. कुर्ल्याला उतरून रिक्षावाल्याशी घासाघीस करण्याचे दिवस गेले. कर्जतची फास्ट लोकल घाटकोपरला थांबते, पावणेदोन-दोन तासांत तिथे पोचता. पुलावरूनच मेट्रो 1 ला जाता येतं. ही वर्सोव्याची मेट्रो 2014 पासून चालते आणि संध्याकाळी तिची गर्दी अंधेरीकडून घाटकोपरकडे असते, म्हणजे इथेही आपण उलट्या दिशेने. मरोळ नाक्याला उतरून खाली भुयारी मेट्रो 3 घ्यायची. कफ परेडकडे जाणाऱ्या गाडीने पुढचंच स्टेशन विमानतळ टी-2. ऑक्टोबर 2025 मध्ये ही मार्गिका आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. मेट्रोत बॅग तपासणीच्या यंत्रातून जाते आणि टी-2 स्टेशनातून टर्मिनलपर्यंत थोडं चालणं आहे, तेव्हा हातात पंधरा-वीस मिनिटं जास्तीची ठेवावीत. भुयारी मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमाराला थांबते आणि पहाटे सहाच्या आसपास सुरू होते. सगळा बेत या दोन वेळांच्या आत बसला पाहिजे. लोकलचं आणि दोन्ही मेट्रोंचं मिळून सेकंड क्लासने एका माणसाला शंभर-सव्वाशेच्या वर जात नाही. 'मुंबई वन' अ‍ॅपवर तिकिटं एकत्र काढता येतात.

खोपोलीकरांना आणखी एक पायरी आहे. खोपोलीच्या गाड्या मोजक्या, एक चुकली की पुढची कधी ते विचारू नका. त्यामुळे खोपोली लोकलवर विमान अवलंबून ठेवू नये. मिनीडोर किंवा एसटीने कर्जत गाठावं आणि तिथून पुढे जावं. लौजी, डोळवली, केळवलीच्या लोकांनीही तेच करावं. खालापूर गावाला तर रेल्वेच नाही. चौक आणि खालापूरच्या माणसाला जुन्या हायवेने पनवेल जवळ पडतं. तिथून हार्बरने कुर्ला, कुर्ल्याहून मेन लाइनने मागे घाटकोपर, मग तीच मेट्रो. एक्स्प्रेस-वेच्या बस खालापूर टोलनाक्यावर हात दाखवून थांबतील या भरवशावर कुणी राहू नये.

रविवारी विमान असेल तर शनिवारीच मेगाब्लॉक बघून ठेवावा. पावसाळ्याचं प्रकरण याहून गंभीर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये विमानं स्वस्त असतात आणि नेमकी त्याच दिवसांत आपली लाइन उल्हास नदीच्या मर्जीवर चालते. 27 जुलै 2019 ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. पावसाळ्यातल्या विमानाला आदल्या दिवशीच घाटमाथ्यावरचा आणि कर्जतचा पाऊस बघावा. जोर असेल तर लोकलचा नाद सोडून दुपारीच रस्त्याने पनवेल गाठावं. पनवेलची बाजूही तुंबते, पण दोन दारं असताना एकाच दाराशी थांबण्यात अर्थ नाही.

नवी मुंबई विमानतळ हे यातलं नवं प्रकरण. त्याचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं आणि 25 डिसेंबरला पहिली प्रवासी विमानं उडाली. सुरुवात देशांतर्गत फेऱ्यांनी झाली. खालापूर तालुक्याला सहारपेक्षा हा विमानतळ कितीतरी जवळ, हे नकाशा न बघताही कळतं. तिकीट शोधताना 'मुंबई' टाकलं की दोन्ही विमानतळांची विमानं एकाच यादीत येतात, तेव्हा संकेत बघायची सवय लावून घ्यावी: 'बीओएम' म्हणजे सहार-सांताक्रूझ, 'एनएमआय' म्हणजे नवी मुंबई. एनएमआयचं तिकीट हातात घेऊन घाटकोपरला उतरणाऱ्याला मधल्या दोन खाड्या कोणी माफ करत नाही. कर्जत-पनवेल या सुमारे 29 किलोमीटरच्या नव्या उपनगरी मार्गावर चौक, मोहोपे, चिखले ही स्टेशनं आणि वावर्ल्याचा अडीच किलोमीटरहून लांब बोगदा आहे. त्यावरून लोकल नियमित धावू लागल्या की कर्जतकरांनाही सहार टाळता येईल. तोवर पनवेलपर्यंत एसटी आणि पुढे बस किंवा रिक्षा.

तिकिटाबद्दल थोडक्यात. स्वस्त कंपन्या फक्त खुर्ची विकतात. बॅग, जेवण, खिडकी यांचे पैसे वेगळे. यादीत सर्वात वरचं तिकीट बहुधा सात किलोच्या हातातल्या बॅगेपुरतंच असतं. त्यावर जाताना चेक-इन बॅगेचे पैसे आधीच ऑनलाइन भरावेत, काउंटरवर तेच वजन दुपटी-तिपटीने महाग पडतं. रद्दीवाल्याकडे असतो तसा आकड्याचा छोटा ताणकाटा काही शे रुपयांत मिळतो. तो घ्यावा आणि बॅग घरीच टांगून बघावी. आठवडाभराला सात किलो पुरतात का? पुरतात. दोन जोड कपडे, एक पावसाळी जॅकेट, चार्जर आणि औषधं यांच्यापलीकडे त्या हवेत काही लागत नाही. दोन विमानतळांचा घोळ परगावीही आहेच. बँकॉकमध्ये सुवर्णभूमी हा मोठा आणि डॉन म्युआंग हा जुना, जिथे एअर एशिया, थाई लायन यांच्यासारख्या स्वस्त कंपन्या उतरतात. क्वालालंपूरला एकाच आवारात टी-1 आणि टी-2, त्यातलं टी-2 एअर एशियाचं. तुमचं कोणतं ते तिकिटावर छापलेलं असतं, ते वाचावं.

मुंबईहून भाडं फार चढलं असेल तर दक्षिणेकडे बघावं. चेन्नई, तिरुचिरापल्ली आणि कोची इथून कोलंबो, क्वालालंपूर आणि सिंगापूरची विमानं पुष्कळ आहेत आणि ती बरेचदा स्वस्त पडतात. कर्जत तर मुंबई-चेन्नई मार्गावरच आहे, कोचीसाठी पनवेलहून कोकण रेल्वे. चेन्नई सेंट्रलहून विमानतळाच्या आत जाणारी मेट्रो आहे. कोचीला आलुवाला उतरून विमानतळाची बस मिळते. गाडीत एक रात्र-एक दिवस जातो, त्यामुळे ज्यांच्याकडे सुट्टी आहे आणि पैसे मोजके आहेत त्यांच्याचसाठी हा मार्ग. नोकरदाराने चार दिवसांच्या सुट्टीत याच्या वाटेला जाऊ नये. रेल्वे आणि विमान, किंवा दोन वेगवेगळी विमानं, अशी सुटी तिकिटं जोडताना मधे एक पूर्ण रात्र ठेवावी. पहिली गाडी उशिरा आली म्हणून दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबणार नाही आणि पैसेही परत देणार नाही.

आता पलीकडची बाजू. सुवर्णभूमीच्या तळमजल्याखालून एअरपोर्ट रेल लिंक सुटते. शेवटच्या फाया थाई स्टेशनापर्यंत 45 बाट आणि अर्धा तास. तिथून बीटीएसची उन्नत रेल्वे. अलीकडच्या मक्कासानला उतरलं तर भुयारी एमआरटी. डॉन म्युआंगहून लाल मार्गिकेची रेल्वे क्रुंग थेप अपिवात या नव्या मुख्य स्टेशनाला जाते. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान असेल तर तिकीट दाखवून फुकट बस मिळते, फक्त तिथल्या ट्रॅफिकसाठी भरपूर वेळ ठेवावा. बाहेर आल्याआल्या "टॅक्सी, टॅक्सी" करत मागे लागणाऱ्यांना टाळायची सवय आपल्याला कल्याण स्टेशनवर लागलेली असतेच.

बँकॉकहून क्वालालंपूरला पुन्हा विमानाने जाण्यापेक्षा रेल्वेने जावं असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे थोडेफारच वाचतात, पण हॉटेलची एक रात्र वाचते, दोन विमानतळांच्या रांगा टळतात आणि देश दिसतो. 45 नंबरची गाडी दुपारी क्रुंग थेप अपिवातहून सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सीमेवरच्या पादांग बेसारला पोचते. दुसऱ्या वर्गाचा एसी स्लीपर घ्यावा. दिवसा समोरासमोर दोन रुंद खुर्च्या असतात. अंधार पडला की परिचर येतो, दोन्ही खुर्च्या ओढून खालचा बर्थ करतो, वरचा भिंतीतून उघडतो, धुतलेली चादर ताणून बसवतो, पडदा ओढतो आणि पुढच्या प्रवाशाकडे जातो. खालचा बर्थ रुंद आणि थोडा महाग, वरचा अरुंद, बिनखिडकीचा आणि स्वस्त. उंच माणसाने खालचाच घ्यावा. एसी फार गार असतो, शाल हाताशी ठेवावी. थाई रेल्वेच्या डी-तिकीट अ‍ॅपवर आरक्षण करता येतं आणि ते आधीच करावं, सुट्टीच्या दिवसांत खालचे बर्थ पटकन संपतात.

पादांग बेसारला गाडीतून उतरून त्याच स्टेशनात आधी थायलंडचा शिक्का, मग मलेशियाचा. घड्याळ एक तास पुढे करायला इथेच विसरतात आणि पुढची गाडी चुकवतात. पुढे मलेशियाची ईटीएस ही वेगवान विजेची गाडी पाच-साडेपाच तासांत केएल सेंट्रलला नेते. तिचं तिकीटही आधी काढलेलं बरं, दोन गाड्यांच्या मधे तीनेक तास ठेवून. तिकिटं काढताना मुंबई-बँकॉक जाणं आणि क्वालालंपूर-मुंबई येणं असं घ्यावं, म्हणजे त्याच रस्त्याने मागे फिरण्याचा खर्च होत नाही. क्वालालंपूरच्या विमानतळाला केएल सेंट्रलहून जाणारी केएलआयए एक्स्प्रेस अर्ध्या तासात पोचवते, पण 55 रिंगिट घेते. बस तासभर लावते आणि जेमतेम पाव ते तिसऱ्या हिश्श्यात नेते. चौघांचं कुटुंब असेल तर हा फरक तिथल्या दिवसभराच्या जेवणाएवढा होतो.

सिंगापूर जोडावं का? क्वालालंपूरच्या टीबीएस स्टँडवरून बस पाच-सहा तासांत नेते आणि चांगी विमानतळाच्या आतच एमआरटी आहे, आपलं बँकेचं कार्ड टेकवून दार उघडतं. पण सिंगापूरला भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागतो आणि तिथली एक रात्र बँकॉकच्या तीन रात्रींच्या भावाची. कुणी नातेवाईक राहत असेल तर जरूर जावं, नाहीतर पहिल्या फेरीत सोडून द्यावं.

नातेवाइकांकडे जाणाऱ्यांच्या बॅगेत फराळ असतो, म्हणून हे सांगतो. खसखस सिंगापूरमध्ये बंदी असलेल्या मालात येते, आखाती अमिरातींतही तेच. त्यामुळे खसखशीवर थापलेले अनारसे आणि खसखस घातलेलं करंजीचं सारण घरीच संपवावं. तंबाखूची पुडी, गुटखा आणि च्युइंग गमही सिंगापूरला नकोत, ई-सिगारेट तर थायलंडलाही नको. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत टाकलं तर मुंबईलाच बॅग उघडायला लावतात, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या मालात धरतात. लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेतून जात नाही. चकली, शंकरपाळे, कोरडी लसणीची चटणी खुशाल न्यावी.

परतीला विमान पहाटे उतरणारं घ्यावं हे वर आलंच. तरी कधी कधी रात्री अकराला उतरणारंच मिळतं. शिक्का आणि बॅग होईपर्यंत बारा वाजतात, मेट्रो बंद आणि शेवटची कर्जत लोकल हाती लागेल याची खात्री नाही. अशा वेळी बाहेर पडायची घाई करू नये. बॅगेच्या पट्ट्यांजवळच्या खुर्च्यांवर बसून राहावं. एकदा दाराबाहेर गेलात की परत आत सोडत नाहीत, आणि बाहेर डास आहेत.

कागदपत्रांना सर्वांत आधी लागावं. साधा 36 पानी पासपोर्ट 1500 रुपयांचा, तत्काळला आणखी 2000. पोलिस पडताळणीला कर्जत, नेरळ, खोपोली किंवा खालापूर, ज्या ठाण्याच्या हद्दीत राहता तिथून बोलावणं येतं. आधार आणि घराचा पत्ता जुळत नसेल तर ते आधी दुरुस्त करावं. प्रवासाच्या दिवशी पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. भारतीयांना थायलंडने नोव्हेंबर 2023 पासून आणि मलेशियाने डिसेंबर 2023 पासून व्हिसा माफ केला. या सवलतींचे दिवस आणि मुदती बदलत राहतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी त्या त्या दूतावासाचं संकेतस्थळ उघडून बघावं, गेल्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याला विचारून भागत नाही. थायलंडचं आगमन कार्ड (टीडीएसी), मलेशियाचं (एमडीएसी) आणि सिंगापूरचं ही तिन्ही पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायची असतात आणि तिन्ही फुकट आहेत. पैसे मागणारं पान उघडलं तर ते सरकारी नाही, बंद करावं. रेल्वेने सीमा ओलांडणाऱ्यालाही एमडीएसी लागतं. बँकॉकहून गाडीत बसायच्या आधी हॉटेलच्या वायफायवर ते भरून टाकावं.

दहावी न झालेल्या बहुतेकांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असा शेरा असतो. कर्जत आणि खालापूर या आपल्या दोन्ही तालुक्यांत, विशेषतः वाड्या-पाड्यांवर, असे पुष्कळ जण आहेत. फिरायला जाण्यासाठी त्यांना वेगळी परवानगी लागत नाही. पण थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशिया हे देश ईसीआरच्या यादीत असल्याने मुंबईच्या इमिग्रेशनवर प्रश्न जास्त विचारले जातात. परतीचं तिकीट, हॉटेलचं आरक्षण आणि खर्चाला पुरेसे पैसे असल्याचा कागद छापून हातात ठेवावा. मोबाइलमध्ये आहे म्हणून चालवून घेऊ नये, नेमकी तेव्हाच बॅटरी जाते.

खोपोलीच्या कारखान्यांत कंत्राटावर काम करणाऱ्या पोरांना फोनवर येणारी एक ऑफर माहीत असेल: बँकॉकला कॉम्प्युटरवरची नोकरी, तिकीट आमच्याकडून, पगार डॉलरमध्ये. अशा तिकिटांवर गेलेल्या अनेक भारतीयांना बँकॉकहून सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं गेलं आणि 2025 मध्ये भारत सरकारला विमानं पाठवून शेकडो जणांना परत आणावं लागलं. नोकरीसाठी कुणी पर्यटक म्हणून जायला सांगत असेल तर तिथेच थांबावं. भरती करणाऱ्या एजंटाची नोंदणी आहे का हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येतं. नाव तिथे नसेल तर पासपोर्टची झेरॉक्ससुद्धा त्याला पाठवू नये.